डूम्सडे, ब्रँड न्यू डे, सुपरगर्ल... यंदा कशाकडून आशा आणि कशाची धास्ती?

मधल्या_फळीतला

राम राम मंडळी. चित्रपट विभागात बऱ्याच दिवसांत सुपरहिरोंवर कुणी धागा काढला नाही, म्हणून मीच काढतो. आधीचा एखादा जिवंत असेल तर संपादकांनी हा तिकडे हलवावा.

निमित्त मार्व्हलच्या 'अव्हेंजर्स : डूम्सडे'च्या टीझरचं. डिसेंबर-जानेवारीत आठवड्याला एक असे चार आले. पहिल्यात स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे जुना कॅप्टन अमेरिका, मोटरसायकलवरून घरी येतो, जुना पोशाख हातात घेऊन बघत बसतो, मग एका तान्ह्या बाळाला उचलून घेतो, आणि पडद्यावर अक्षरं उमटतात की हा परत येतोय. मागे पियानोवर तीच ओळखीची धून, फक्त संथ. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. आणि दुसऱ्याच मिनिटाला चिडचिड झाली.

२६ एप्रिल २०१९ ला आम्ही सात जणांनी 'अव्हेंजर्स : एंडगेम'चा सकाळी सहाचा शो धरला होता. टोनीने, म्हणजे आयर्न मॅनने, चुटकी वाजवून जीव दिला तेव्हा माझ्या शेजारचा मित्र, जो स्वतःच्या लग्नात बहिणी रडत असताना जिलबी खात होता, तो मुसमुसून रडत होता. बाहेर आलो तर ऊन चढलेलं. टपरीवर चहा घेतला आणि ग्लास रिकामे होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. २००८ पासून चाललेलं काहीतरी संपलं होतं, आणि नीट संपलं होतं.

आता टोनी नाही, पण तो साकारणारा रॉबर्ट डाउनी ज्युनियर खलनायक डॉक्टर डूम होऊन येतोय. स्टीव्ह म्हातारा होऊन, ढाल दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळा झाला होता, तोही येतोय. ज्यांना खांदा दिला तेच दारात उभे राहणार असतील तर आपण पहाटे उठून रडलो कशाला?

यंदाचा, म्हणजे २०२६ चा, कार्यक्रम असा : सुपरगर्ल २६ जून, स्पायडरमॅन ब्रँड न्यू डे ३१ जुलै, डूम्सडे १८ डिसेंबर. मार्व्हलच्या प्रतिस्पर्धी डीसीचा क्लेफेसही याच वर्षी. पुढच्या वर्षी सुपरमॅनचा पुढचा भाग मॅन ऑफ टुमारो ९ जुलैला, मॅट रीव्ह्जचा दुसरा बॅटमॅन १ ऑक्टोबरला आणि डूम्सडेनंतरचा अव्हेंजर्स, सिक्रेट वॉर्स, १७ डिसेंबरला.

माझी सगळ्यात जास्त भिस्त स्पायडरमॅनवर आहे. मागच्या भागाच्या, नो वे होमच्या, शेवटी पीटरला (स्पायडरमॅनला) जगात कुणी ओळखत नाही, तो भाड्याच्या खोलीत एकटा शिवणयंत्रावर स्वतःचा पोशाख शिवतो. इतकी चांगली सुरुवात लेखकाच्या हातात आयती आलीय. फक्त त्यात पनिशर आहे, हल्क आहे, अजून कोण कोण आहे. एकट्या पडलेल्या पोराच्या गोष्टीत एवढे पाहुणे कशाला, ही धास्ती.

आणि डूम्सडेबद्दल शिव्या घालण्याआधी एक कबुली. २०२५ मध्ये मार्व्हलचे तीन सिनेमे आले. नव्या कॅप्टन अमेरिकाने जगभरात साधारण ४१ कोटी डॉलर केले, थंडरबोल्ट्सने ३८, फँटॅस्टिक फोरने ५२. तिघांत मला थंडरबोल्ट्स सगळ्यात आवडला. माणसं खरी वाटली, शेवटची मारामारीसुद्धा मारामारी नव्हती. आणि तोच सगळ्यात कमी चालला. मीही तो ओटीटीवर पाहिला, थेटरात गेलो नाही. नव्या लोकांना आपण दारात उभं केलं नाही, म्हणून त्यांनी जुन्यांना फोन लावले. हे असंच झालंय ना?

बोला. स्पॉयलर असेल तर आधी तसं लिहा.

चहा_बिस्कीट

पहिली मी! वाचनखूण साठवली आहे, सविस्तर नंतर. तूर्त एवढंच की थॉरच्या टीझरला मी रडले आणि मला अजिबात लाज वाटत नाही.

क्रिप्टोचा_पट्टा

धागा छान, पण सुपरगर्लला तुम्ही तारखेपुरतं उरकलंत याचा निषेध.

यंदाच्या सगळ्यांत मला सर्वांत जास्त आशा तिच्याकडून आहे, कारण ती गोष्ट आठ अंकांच्या एका कॉमिकवरून घेतलीय. लेखन टॉम किंगचं, चित्रं बिल्किस एव्हलीची. रूथी नावाची एक पोर, तिच्या बापाला मारलेलं, ती सूड घ्यायला निघते आणि कारा, म्हणजे सुपरगर्ल, तिच्या वाटेत येते. सुरुवात आहे, शेवट आहे. मागचे वीस सिनेमे पाठ असायची गरज नाही.

काराचं मला आवडतं ते हे की तिचा चुलतभाऊ क्लार्क (सुपरमॅन) तान्हा असताना पृथ्वीवर आला, त्याला त्यांचा मूळ ग्रह क्रिप्टॉन आठवतच नाही. त्याच्यासाठी ती ऐकीव कहाणी. हिने मात्र आपल्या माणसांना मरताना बघितलंय. त्यामुळे तो भला माणूस आणि ही दारू पिऊन भावाच्या घरी कुत्रा न्यायला येणारी. गेल्या वर्षीच्या सुपरमॅनच्या शेवटी मिली अल्कॉक जेमतेम अर्धा मिनिट दिसली असेल, पण तेवढ्यात हे सगळं कळलं. दिग्दर्शक क्रेग गिलेस्पीने बर्फावर स्केटिंग करणाऱ्या टोन्या हार्डिंगवर सिनेमा केला होता. बिघडलेल्या मुलींवर हा माणूस न्यायाधीश होऊन बसत नाही, हे तिथे दिसलंय.

मार्व्हलवाले जुनी भांडी घासत बसलेत, इकडे नवा संसार मांडलाय. (हलके घ्या.)

मधल्या_फळीतला

@क्रिप्टोचा_पट्टा, नवा संसार? त्या सिनेमात लोबो कोण करतंय? जेसन मोमोआ. कालपरवापर्यंत तो ॲक्वामॅन होता. चेहरा तोच, नाव बदललं. मग डाउनीला वेगळा न्याय का?

क्रिप्टोचा_पट्टा

बरोबर पकडलंत :) पण फरक आहे. ॲक्वामॅनसाठी कुणी पहाटे उठून रडलं नव्हतं.

वेताळगुंफा

तुमची चर्चा वाचून गंमत वाटते. माझं वय ६६. आमचे सुपरहिरो इंद्रजाल कॉमिक्समधून आले. १९६४ ला सुरू झालेलं ते, टाइम्सवाल्यांचं, मराठीतही यायचं. फँटम म्हणजे आमचा वेताळ. अंगठीवर कवटी, ज्याला ठोसा बसला त्याच्या जबड्यावर ती कायमची उमटायची. आमच्या गल्लीत एकाने दाभणाने खोडरबरावर कवटी कोरून, शाईत बुडवून भावाच्या गालावर ठसा मारला होता. चार दिवस गेला नाही. त्याच्या आईने मग ज्याला धुतला तो वेताळ नव्हता, एवढंच सांगतो.

मुद्दा असा. आमचा वेताळ मरायचा. जंगलातल्या लोकांना वाटायचं तो अमर आहे, पण वाचकाला ठाऊक असायचं की हा एकविसावा. बाप मेला की पोरगा तो मुखवटा चढवतो आणि कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. मुखवटा तोच, माणूस बदलतो. त्यात एक रुबाब होता.

तुमच्या डूममध्ये उलटं आहे. माणूस तोच, मुखवटा बदलला. २०२४ च्या जुलैत सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन मेळाव्याच्या मंचावर त्या डाउनीने मुखवटा काढून स्वतःच सांगितलं ना, 'नवा मुखवटा, काम तेच'. नातवाने मला तो व्हिडिओ दाखवला. हजारो लोक किंचाळत होते. मला वाटलं, दुकानाचा जुना मुनीम परत कामावर घेतला आणि गिऱ्हाइकांनी पेढे वाटले.

चहा_बिस्कीट

काका _/\_ मुनीम!! हसून हसून चहा सांडला.

स्पष्टवक्ता_४११०३०

पँटवरून चड्डी घालणाऱ्या लोकांवर एवढी चर्चा. चाळिशीच्या माणसांनी. देशाचं कसं होणार.

मधल्या_फळीतला

आपल्या माहितीसाठी : ती चड्डी २०१३ च्या सुपरमॅनमध्ये काढली होती, २०२५ मध्ये दिग्दर्शक जेम्स गनने परत चढवली. त्यावरही आम्ही दीडशे प्रतिसाद लिहिले होते. आपण तेव्हाही हेच लिहून गेला होतात.

क्लाइडकाठची

ग्लासगोहून लिहितेय. स्पायडरमॅनबद्दल थोडी आँखों देखी.

गेल्या ऑगस्टमध्ये ब्रँड न्यू डेचं चित्रीकरण आमच्याकडे झालं. बॉथवेल स्ट्रीट म्हणजे माझ्या रोजच्या जायच्या वाटेवर. एका सकाळी बघते तर रस्त्याला न्यूयॉर्क करून टाकलेलं. पिवळ्या टॅक्स्या, अमेरिकी सिग्नल, पाट्या बदललेल्या. फक्त आभाळ आमचंच होतं, त्याला कुणी बदलू शकत नाही. बारीक पाऊस चालू आणि त्यात एक चिलखती लष्करी गाडी रस्त्यावरून येतेय, तिच्या टपावर लाल-निळा माणूस उभा. खरा माणूस, दोरीला बांधलेला. हिरवा पडदा नाही. पुढे जाऊन गाडी थांबली, सगळं मागे नेलं, पुन्हा आली. चार वेळा तेच. पाचव्यांदा मी ऑफिसला पळाले, पण छत्री धरून उभ्या असलेल्या शाळकरी पोरांपैकी एकही हलला नव्हता. टोपीवाले आजोबासुद्धा.

त्यामुळे माझी आशा ही की या वेळी रस्त्याला वजन असेल. आधीच्या दोनतीन सिनेमांत सगळं काचेच्या पेटीत घडल्यासारखं वाटायचं. नंतर सप्टेंबरात टॉम हॉलंडच्या डोक्याला मार लागून काही दिवस काम थांबलं तेव्हा वाईटही वाटलं आणि एक दुष्ट विचारही आला की चला, म्हणजे उड्या खऱ्या आहेत.

आता धास्ती. २०२२ च्या जानेवारीत अशीच मी बॅटगर्लच्या चित्रीकरणाला थांबले होते. तेव्हा आमचं शहर गॉथम, म्हणजे बॅटमॅनचं शहर, झालं होतं. नाताळ उलटून गेला तरी दुकानांवर नाताळच्या माळा, खोटा बर्फ. ऑगस्टमध्ये निर्मात्या वॉर्नर कंपनीने जाहीर केलं की हा सिनेमा प्रदर्शित होणारच नाही. जवळपास नऊ कोटी डॉलर खर्चून झालेला सिनेमा, करात सवलत घेऊन कपाटात. थेटरात नाही, ओटीटीवर नाही. मी गर्दीत कुठेतरी मागे निळ्या छत्रीखाली आहे, ते आता कुणीच बघणार नाही.

दोन_पोरांची_आई

@क्लाइडकाठची, काय सुंदर लिहिलंत! तुमच्या निळ्या छत्रीसाठी तरी बॅटगर्ल बाहेर यायला हवा.

माझा प्रश्न व्यवहारातला आहे. मला डूम्सडे बघायचाय, कारण पोरं नेणार आहेतच, आणि पैसे मीच भरणार. चार तिकिटं, मध्यंतरातले पॉपकॉर्न, कोल्ड्रिंक, पार्किंग धरलं तर महिन्याच्या वाण्याच्या बिलाशी स्पर्धा होते. मग निदान कळावं तरी. मोठ्याला (इयत्ता नववी) विचारलं की आधी काय काय बघावं लागेल, तर त्याने सिनेमे आणि मालिका मिळून फुलस्केपची दोन पानं भरून दिली. दहावीला मी एवढा पोर्शन केला नव्हता. कुणी गाइड काढेल का, 'अपेक्षित' टाइप?

मधल्या_फळीतला

@दोन_पोरांची_आई, घ्या अपेक्षित. एंडगेम पाहिलाय असं धरतो. त्यापुढे फक्त थंडरबोल्ट्स आणि फँटॅस्टिक फोर, दोन्ही शेवटच्या नावांपर्यंत थांबून बघा. डूम प्रथम कुठे दिसतो ते तिथे कळेल. वेळ असेल तर लोकीची मालिका, कारण अनेक विश्वांचा गुंता तिथूनच सुरू होतो आणि तसंही ती बघण्यासारखी आहे. एक्स-मेनचे जुने सिनेमे टीव्हीवर येताजाता पाहिले असतीलच. पॅट्रिक स्टुअर्ट आणि इयन मॅकेलन परत येतायत, तेवढं ओळखलं तरी चालेल.

पण तुमचा प्रश्न मला जास्त लागला. २०१२ चा अव्हेंजर्स माझ्या आईने मधूनच येऊन पाहिला होता. तिला कुणाचंच नाव माहीत नव्हतं. 'हा हिरवा आधी गरीब असतो का?' एवढंच विचारलं आणि मग शेवटपर्यंत बसली. आता ते जमेल असं वाटत नाही.

१२०_फ्रेम

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो. या धंद्यात आहे. मुंबईत, पश्चिम उपनगरात. कंपनीचं नाव विचारू नका, कागदावर सही केलेली असते.

मी रोटो करतो. म्हणजे काय, तर चित्रित झालेल्या शॉटमधल्या माणसाच्या कडेकडेने रेघ ओढत जायची, फ्रेम बाय फ्रेम, म्हणजे त्याच्या मागचं सगळं काढून दुसरं काही लावता येतं. सेकंदाला २४ फ्रेम. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२०, हे आयडीचं रहस्य. माणूस कोट घालून उभा असेल तर सोपं. पण केस उडतायत, मधून धूर जातोय, हात इतक्या वेगात फिरतोय की बोटांचा नुसता फराटा दिसतोय, असं असेल तर एका शॉटवर आठवडा जातो. फराट्याची कड कुठे धरायची? तिथे कौशल्य आहे. नीट जमलं तर तुम्हाला ते दिसत नाही. दिसलं, की तुम्ही इथे येऊन लिहिता 'व्हीएफएक्स (संगणकावरची करामत) गंडलंय'.

गंडतं का, ते ऐका. आठवड्याने निरोप येतो की तो शॉट सिनेमातून उडाला. किंवा राहिला, पण आता ही मारामारी रात्री होते. एंडगेममध्ये सगळे ते पांढरे पोशाख घालून भूतकाळात जातात आठवतं? चित्रीकरणाच्या वेळी ते कुणाच्याच अंगावर नव्हते. नंतर संगणकावर चढवले. तिथे ते झकास दिसलं, म्हणून मग 'नंतर ठरवू' हीच पद्धत पडली. आणि 'नंतर' म्हणजे प्रदर्शनाच्या आधीचे सहा आठवडे, म्हणजे आमच्या रात्री. आधीच्या एका नोकरीत असाच एक मोठा सिनेमा संपवला, कंपनी आवरती घेतली गेली आणि दोन महिन्यांचा पगार राहिला तो राहिलाच. २०२३ मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्सवाल्यांनी युनियनच्या बाजूने एकमताने मतदान केलं. चांगलं झालं. पण ते त्यांच्या पगारपत्रकावरचे लोक. बाहेर काम घेणारे आम्ही त्यात येत नाही.

म्हणून माझी आशा-निराशा तुमच्यापेक्षा वेगळ्या जागी असते. डूम्सडे १ मे वरून १८ डिसेंबरला ढकलला तेव्हा इथे सगळे हळहळले असतील. मला वाटलं, साडेसात महिने! जिथे कुठे काम चालू असेल तिथल्या पोरांना रविवार मिळेल. जेम्स गन जाहीरपणे सांगतो की पटकथा पुरी झाल्याशिवाय कॅमेरा चालू करायचा नाही. फॅन त्याला कलेची निष्ठा म्हणतात. मी त्याला वेळेत घरी जेवायला जाणं म्हणतो.

वेताळगुंफा

@१२०_फ्रेम, बाळा, हे कुणी सांगत नाही रे. लिहीत जा.

चहा_बिस्कीट

+१०० आजपासून 'गंडलंय' म्हणणार नाही. म्हटलं तरी कुणाचा रविवार गेला ते आठवून म्हणेन.

तिसरी_घंटा

एक गोष्ट कुणी काढली नाही. १८ डिसेंबरला ड्यूनचा तिसरा भागही येतोय. त्याच दिवशी. आयमॅक्सचे पडदे ड्यूनने आधीच धरून ठेवलेत, म्हणजे डूम मोठ्या पडद्यावर बघायची हौस असलेल्यांची पंचाईत. मी मुंबईत राहतो, इरॉस आयमॅक्स होऊन परत उघडल्यापासून मोठा सिनेमा तिथेच बघायचा असा नेम केलाय. त्यामुळे माझं ठरलंय, पहिला दिवस वाळवंटाला. डूमला दुसऱ्या आठवड्यात साध्या पडद्यावर भेटू. तोवर इथे कुणी फोडलंत तर बघा.

आणि दिवाळीत रामायणाचा पहिला भाग आहे, तेही लक्षात ठेवा. डिसेंबरपर्यंत लोकांच्या खिशात काय उरेल?

आंबोली_घाट

सगळे अमेरिकेतच अडकलात. गेल्या वर्षीचा माझा सर्वांत आवडता सुपरहिरो सिनेमा मल्याळम आहे. लोका, पहिला भाग, चंद्रा. कल्याणी प्रियदर्शन. साधारण तीस कोटींत केलेला आणि जगभरात तीनशे कोटींच्या वर गेलेला. त्यात काय केलंय? केरळात नीली नावाच्या यक्षिणीची दंतकथा आहे, आज्या पोरांना घाबरवायला सांगतात ती. तिला उचलून आजच्या बंगळुरात आणून ठेवलं. रात्रपाळीला कॅफेत काम करते. बस्स. कुठलं दुसरं विश्व नाही, आकाशात निळा झोत नाही. पुढचा भाग टोव्हिनो थॉमसच्या चाथन या पात्रावर असणार. त्याच टोव्हिनोने २०२१ मध्ये मिन्नल मुरळी केला होता, वीज पडून शक्ती मिळालेला गावातला शिंपी. माझी खरी आशा या लोकांवर आहे.

आता आपलं बघा. आपल्याकडे भुतं कमी आहेत का? आसरा आहेत, गिऱ्हा आहे, ब्रह्मराक्षस, हडळ, राखणदार. आमच्या गावात राखणदाराला नारळ दिल्याशिवाय अजून कुणी घराचं काम काढत नाही. रात्री काठीचा आवाज करत शिवेवरून फिरणारा आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा हा माणूस सुपरहिरो नाही तर काय आहे? मुंज्या आपला, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आपला, पण सिनेमा हिंदी झाला आणि शंभर कोटींवर गेला. मराठीत २०१५ ला बाजी आला होता, श्रेयस तळपदेचा, कोकणातलाच मुखवट्याचा नायक. किती जणांनी पाहिला? हात वर करा.

क्रिप्टोचा_पट्टा

हात वर. थेटरात आम्ही नऊ जण होतो. त्यातले दोघे एसीसाठी आलेले.

मधल्या_फळीतला

नाही पाहिला :( थंडरबोल्ट्ससारखंच. माझ्याच मुद्द्यात मी अडकलो.

राखणदार मात्र डोक्यात बसला. कुणीतरी लिहा हो हे.

स्पष्टवक्ता_४११०३०

क्रिश ४ चं काय झालं? हृतिक स्वतः दिग्दर्शन करणार म्हणून २०२५ च्या मार्चमध्ये जाहीर झालं होतं. तिसरा २०१३ चा.

चहा_बिस्कीट

अहो स्पष्टवक्ते, तुम्ही तर देशाची काळजी करत होतात ना? :D

स्पष्टवक्ता_४११०३०

क्रिश वेगळा. तो पँटवरून चड्डी घालत नाही.

सोलापुरी_चादर

डबिंगबद्दल कुणी बोलेल म्हणून थांबलो होतो. २०२३ मध्ये ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स इंग्रजी धरून दहा भाषांत आणतोय असं जाहीर झालं, आणि त्यात मराठी! पवित्र प्रभाकर नावाचा आपला स्पायडरमॅन, मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून केलेलं मुंबॅटन, रिक्षा आणि बस एकमेकांच्या डोक्यावरून चाललेल्या. 'चाय टी' म्हणणाऱ्याला तो झापतो, तो प्रसंग तर आपल्या सगळ्यांच्या वतीने होता. भाच्याला म्हटलं, मराठीत दाखवतो. ॲपवर सोलापूर बघितलं, एकही मराठी शो नाही. हिंदीतच पाहिला. पोरगं खूश, मी आपला मनात मराठी संवाद लावत बसलो.

त्याचा पुढचा भाग आधी मार्च २०२४ ला येणार होता, आता जून २०२७. पहिली आशा, मराठी डबिंग पुन्हा व्हावं. दुसरी, त्याचा एखादा शो पुण्या-मुंबईच्या पलीकडे यावा. आणि तिसरी, डबिंग करणाऱ्याने 'मी तुला सोडणार नाही, दुष्टा' असली मराठी बोलू नये. भांडणात अशी मराठी कोण बोलतं?

दोन_पोरांची_आई

@सोलापुरी_चादर, 'दुष्टा' तर आमच्याकडे सासूबाई मांजराला म्हणतात.

अपेक्षितबद्दल धन्यवाद. कालच थंडरबोल्ट्स पाहिला. धाकटी मध्येच झोपली, मोठा मोबाइलवर. मी एकटीच शेवटपर्यंत. त्यातली नायिका येलेना वडिलांवर रस्त्यात ओरडते ना, की माझ्या दिवसात काहीच उरलेलं नाही, तिथे मी पॉज केलं आणि उगाच स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसून आले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं की यात असलं काही असतं.

मधल्या_फळीतला

@दोन_पोरांची_आई, बघा! आणि हाच सिनेमा आपण सगळ्यांनी मिळून पाडला.

वेताळगुंफा काकांचा मुनीम दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. पुतण्याला वाचून दाखवलं. तो १६ चा, एंडगेमच्या वेळी नऊ वर्षांचा होता आणि त्याला आम्ही नेलं नव्हतं, सकाळी सहाचा शो म्हणून. तो म्हणाला, 'काका, तुमचं रडून झालंय. मी आयर्न मॅनला थेटरात एकदाही पाहिलेलं नाही.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. मत बदललं असंही नाही, डूमच्या जागी कुणी नवा नट हवा होता हे माझं म्हणणं कायम. पण १८ डिसेंबरची दोन तिकिटं काढणार. सहाचा शो असेल तर सहाचा.

त्याआधी ३१ जुलै. शुक्रवार आहे. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे श्रावण थेट १३ ऑगस्टला लागतोय, त्यामुळे सिनेमानंतर कोंबडीला अडचण नाही. पुण्यातले कोण कोण येताय? क्लाइडकाठची, तुम्ही तिकडूनच बघा आणि गाडीच्या मागे छत्र्या दिसल्या तर सांगा.

क्लाइडकाठची

या वेळी लाल छत्री होती. बघालच.

१२०_फ्रेम

मी यायचा प्रयत्न करतो, सुट्टी मिळाली तर. यंदा जून ते डिसेंबर येणाऱ्या मोठ्या सिनेमांपैकी एकात एक शॉट माझा आहे. पाच सेकंदही नाहीत. केस उडतायत आणि मागे धूर आहे. कोणता ते सांगता येणार नाही. ओळखलात तर चहा माझ्याकडून.

क्रिप्टोचा_पट्टा

उडणारे केस? सुपरगर्ल!! सुपरगर्लच!!

चहा_बिस्कीट

थॉरलाही केस आहेत.

आंबोली_घाट

ड्यूनमध्ये झेंडायाचे उडतात. धूर नाही, वाळू.

वेताळगुंफा

कुत्र्याचे पण असू शकतात.

१२०_फ्रेम

मी काहीही बोललेलो नाही.